फळ्याचं तोंड कुणीकडे

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. पण शाळेतला काळा, खडूच्या धुळीने माखलेला फळा नव्हे. खरं सांगायचं तर मी जन्माने फळाच नाही. मी एका स्वयंपाकघरातल्या कपाटाचं पांढरं, गुळगुळीत दार होतो. माझ्या डाव्या कडेला अजून दोन भोकं आहेत, बघा. तिथे बिजागऱ्या होत्या.

हे आधीच सांगून टाकतो, कारण माझा स्वभाव फार संशयी आहे आणि तो कुठून आला हे तुम्हाला कळलेलं बरं. कपाटाच्या दाराचं सगळं आयुष्य संशयात जातं. कुणाची पावलं वाजली, कुणाचा हात आला, आता काय उचलणार, हाच विचार. माझ्यामागे बिस्किटांचा डबा असे. त्या घरातल्या मामी बिस्किटं मोजून ठेवत आणि ती रोज दोन-चार कमी भरत. मामींचा संशय मामांवर होता. तो खरा होता, पण अर्धाच. दुपारी मामा येत आणि संध्याकाळी त्यांची नऊ वर्षांची भाची येई. ती त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायची. स्टुलावर चढून ती मला इतकं हळू उघडायची, की बिजागरीलासुद्धा पत्ता लागत नसे. दोघांनाही वाटे, या घरात चोर आपण एकटेच.

एका दिवशी दोघं माझ्यासमोरच एकमेकांना सापडले.

"मामा, तू पण?"

"श्श! मामी उठेल. किती घेतलीस?"

"दोन."

"मग एक मला दे."

त्या दिवसापासून दोघांची भागीदारी झाली. मी सगळं पाहिलं आणि ताकास तूर लागू दिली नाही. दाराचं कामच ते. तोंड बाहेर करायचं आणि गुपित पाठीमागे ठेवायचं. मित्रांनो, हे वाक्य जरा लक्षात राहू द्या. पुढे माझा घात त्यानेच केला.

काही महिन्यांनी त्या घराचं स्वयंपाकघर नवं झालं. माझी भावंडं भंगारात गेली. मला मात्र मामांनी काखेत मारलं. "हे पुसलं की लख्ख होतं, मला हवंय," म्हणाले. मामा एका नकाशे काढणाऱ्या ऑफिसात नोकरीला होते आणि संध्याकाळी मुलींच्या बास्केटबॉल संघाला शिकवायचे. त्यांनी बाल्कनीत करवत घेऊन मला अर्धं केलं. मी हलू नये म्हणून भाची माझ्या एका टोकावर बसून होती. मग काळा रंग आणि पोलादी पट्टी घेऊन दोघांनी माझ्या अंगावर मैदान आखलं. सरळ रेषा मामांच्या. अर्धवर्तुळं भाचीची, स्वयंपाकघरातली ताटली उलटी ठेवून काढलेली. दुसऱ्या बाजूला ताटली सरकली आणि अर्धवर्तुळाला पोक आलं. तिचा चेहरा पडला. मामा म्हणाले, "राहू दे. आपला फळा हजारांत ओळखू येईल." बिजागरीच्या वरच्या भोकातून त्यांनी दोरी ओवली आणि तिला मार्कर बांधला. असा मी फळा झालो.

पुढची दहा वर्षं माझी चैन होती. मैदानावर मामांना सगळ्या मुली 'सर' म्हणत, भाचीसुद्धा. तिथे 'मामा' म्हटलं, की मैदानाला पाच फेऱ्या, असा त्यांचा नियमच होता. सरांना काहीही सांगायचं म्हटलं, की हातात मार्कर लागे. मामी म्हणायच्या, "यांना मीठ कुठे आहे विचारा, नकाशा काढतील." टाइम-आउट झाला, की बारा मुलींची डोकी माझ्यावर झुकायची. गोल म्हणजे आपल्या मुली, फुली म्हणजे समोरच्या, बाण म्हणजे धावायची वाट. घामाचे थेंब माझ्यावर पडत आणि बाण फिसकटत. आम्ही जिंकलो, की कुणीतरी मला डोक्यावर धरून नाचे. अशा वेळी आपण दार होतो हे मी साफ विसरून जाई.

ती भाची आता एकोणीस वर्षांची झाली होती. अंगात सात नंबरचा शर्ट, आणि दोन-दोन मुलींच्या मधून अशी गरकन फिरून निघायची की सगळे तिला भिंगरीच म्हणत. संघाचे निम्मे गुण तिचे असत. त्यामुळे झालं असं, की बाकावर बसणं म्हणजे काय हे तिला ठाऊकच नव्हतं. सामना सुरू झाला की ती मैदानात आणि संपला की बाहेर. हेही लक्षात ठेवा.

त्या वर्षी आमची पाच सामन्यांची लढत लागली. समोर शहराच्या दुसऱ्या टोकाचा क्लब, हॉल एकच, पाच रविवार. जो तीन जिंकेल त्याची ढाल. सरांनी आयुष्यात ती ढाल एकदाही उचलली नव्हती, आणि पुढच्या वर्षी ते संघ सोडणार होते. गुडघे आता ऐकत नाहीत म्हणाले.

पहिला रविवार आम्ही सहज जिंकलो. पण घरी गेल्यावर भलतंच रामायण झालं. सामना चालू असताना सर मला मांडीवर पालथा ठेवत, तोंड खाली. ताज्या शाईने त्यांची नवी बदामी पँट गुडघ्यापर्यंत निळी झाली होती.

"अहो, हे काय करून आणलंत?" मामींनी पँट खिडकीशी धरली. "हा बाण आहे ना? हा गोल? सगळा सामना मांडीवर छापून आणलाय!"

"अगं, धुतलं की जाईल."

"तुम्ही धुवा मग. मी तीन वेळा घासली. पुढच्या रविवारी हा फळा मांडीवर दिसला, तर तो पुन्हा कपाटाला बसवीन. सांगून ठेवते."

सर घाबरले. सामन्यात कुणाला न घाबरणारा माणूस, पण मामींपुढे त्यांचं काही चालत नसे. दुसऱ्या रविवारपासून ते मला आपल्या खुर्चीच्या मागच्या पायाला टेकवून ठेवू लागले. पाठ खुर्चीकडे, तोंड बाहेर. मला तर आनंदच झाला. कितीतरी वर्षांनी मी पुन्हा दारासारखा उभा होतो आणि समोरून प्रेक्षक दिसत होते. इतके दिवस मी काय पाहिलं होतं, तर सरांची मांडी.

आणि त्याच रविवारी आम्ही हरलो.

साधे हरलो नाही. आम्ही जिथे जायचं ठरवावं, तिथे समोरच्या मुली आधीच उभ्या. उजवीकडून वार करायचा, तर उजवीकडे भिंत. डावीकडून जावं, तर डावीकडे. तिसऱ्या रविवारीही तेच. सर पिवळे पडले. "यांना आपलं आधी कळतंय," ते पुटपुटले. "कुठेतरी पाणी मुरतंय."

माझ्या मनात तर आधीच पाल चुकचुकली होती. संशय घेण्यात माझा हात कोण धरणार? मी एकेकाला तपासायला घेतलं. बारा नंबरची मुलगी सामन्याआधी बाथरूममध्ये फोनवर कुजबुजते, ती कुणाशी? संघाच्या गाडीचा चालक समोरच्या चालकाबरोबर चहा पितो, तो कशाला? मार्करवर तर माझा पहिल्यापासून राग होता. ऐन वेळी वाळून जाणारा प्राणी, त्याचा काय भरवसा? मी टॉवेललासुद्धा सोडलं नाही. माझ्यावरचं सगळं तोच पुसतो, म्हणजे सगळं त्याच्याकडे जातं.

एका माणसावर मात्र माझा काडीचाही संशय नव्हता. आमच्या बाकामागे पहिल्याच रांगेत एक मावशी बसत. चष्म्याला साखळी, मांडीवर विणकाम, लाल लोकरीचा गुंडा. बाकी प्रेक्षक मैदानाकडे बघत, पण या मावशी अधूनमधून माझ्याकडे बघत, मन लावून, अगदी कौतुकाने. मग लोकरीचा गुंडा उचलून एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर ठेवत. किती टापटिपीची बाई, असं मला वाटे. दहा वर्षांत माझ्याकडे इतक्या आदराने कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी पाहिलं की मी आणखी ताठ उभा राही.

तिसरा सामना हरल्यावर सरांनी एक गोष्ट पाहिली आणि ती मीही पाहिली, कारण मी त्यांच्या काखेत होतो. सायकली लावायच्या जागेपाशी भिंगरी समोरच्या संघाच्या कोचशी बोलत उभी होती. तो काहीतरी समजावत होता. ती मान हलवत होती. शेवटी ती हसली. सर जागच्या जागी थांबले. मग त्यांनी मला गाडीच्या डिकीत असं आदळलं की माझा एक कोपरा उडाला. भिंगरी येऊन गाडीत बसली तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "उशीर झाला?" ती म्हणाली, "पाणी प्यायला थांबले होते."

ती खोटं का बोलली? झालं, माझ्या यादीत आता भिंगरी पहिली आली. नऊ वर्षांची असताना बिजागरीला न कळता बिस्किटं काढणारी मुलगी, ती काय नाही करणार?

पण संशय काही एकाच बाजूला नव्हता. मंगळवारच्या सरावात भिंगरी बारा नंबरला म्हणाली, आणि मी बाजूलाच पडलो होतो, "सर दर शुक्रवारी वाचनालयाच्या व्हरांड्यात बुद्धिबळ खेळतात, माहितीय? कुणाबरोबर? त्यांच्या कोचबरोबर. जुने दोस्त आहेत. दोन-दोन तास."

"मग?"

"दोन तास कुणी गप्प बसतं का? सरांना तर नुसतं 'कसं काय' विचारलं तरी ते कागद मागतात."

"म्हणजे तुला वाटतं, सरच..."

"मला काही वाटत नाही," भिंगरी म्हणाली, आणि चेंडू इतक्या जोरात आपटला की तो छताला लागला.

असे ते दोघं. एकाच गाडीतून यायचे, एकाच जिन्याने घरी चढायचे आणि एकमेकांकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघायचे. बोलणं सगळं हवापाण्याचं. सरळ प्रश्न कुणी विचारला नाही.

चौथा रविवार आला. हा हरलो की ढाल गेली. त्या दिवशी सरांच्या मनात काय शिजत होतं ते मला पहिल्या टाइम-आउटला कळलं. नेहमीसारखी खलबतं झाली, मुली मैदानाकडे वळल्या आणि सरांनी भिंगरीचं कोपर धरलं.

"थांब. हे फक्त तुझ्यासाठी. कुणाला सांगू नकोस, बारा नंबरलाही नाही." त्यांनी माझ्यावरचं सगळं पुसलं आणि एकच बाण काढला. "सगळ्यांना उजवीकडे ओढ. मग तू एकटी मागच्या रेषेवरून इथे, या डाव्या कोपऱ्यात. तिथून टाक."

भिंगरीचा चेहरा उजळला. किती दिवसांनी! "हो, सर," म्हणाली आणि पळाली. सरांनी मला नेहमीच्या जागी टेकवलं. मावशींनी चष्म्यातून पाहिलं आणि गुंडा डाव्या मांडीवर ठेवला.

भिंगरी उजवीकडे गेली, गरकन फिरली आणि मागच्या रेषेवरून डाव्या कोपऱ्यात आली. तिथे समोरच्या दोघी हात पसरून तिची वाटच बघत होत्या. चेंडू गेला आणि त्यांनी पलीकडे जाऊन बास्केटही केलं.

सर उठले. "सात नंबर, बाहेर!"

ती धापा टाकत आली. "सर, काय चुकलं माझं?"

"बस."

"पण काय चुकलं ते तरी सांगा."

"तुला माहीत आहे."

"मला काही माहीत नाही!" तिने रागाने पाण्याच्या बाटलीला लाथ मारली. बाटली खुर्च्यांखालून मागे गडगडत गेली. पंचांनी वळून पाहिलं. सरांनी आवाज खाली आणला, पण बाकावरच्या सगळ्या मुलींना ऐकू गेलं. "ती जागा मी फक्त तुला सांगितली होती. या हॉलमध्ये दुसऱ्या कुणालाही नाही. आणि तिथे दोघी उभ्या. आता सांग, काय चुकलं."

भिंगरी पांढरीफटक पडली. "म्हणजे तुम्ही मला जिंकायला नाही पाठवलंत," ती म्हणाली. "तुम्ही मला पकडायला पाठवलंत."

सरांनी मान मैदानाकडे वळवली. ती जाऊन बाकाच्या अगदी शेवटच्या खुर्चीवर बसली आणि तिने टॉवेल तोंडावर घेतला. मी मनात म्हटलं, सापडली! मित्रांनो, त्या क्षणी मला आनंद झाला होता. आज सांगताना लाज वाटते.

थोड्या वेळाने ती बाटली आणायला उठली. बाटली माझ्या पायाशीच येऊन थांबली होती. दहा वर्षांत पहिल्यांदाच ती सामना चालू असताना बाकाच्या मागे आली होती. ती वाकली, आणि वाकलेलीच राहिली. समोर मी. माझ्या तोंडावर तो एकच बाण, डाव्या कोपऱ्यात घुसलेला. तिने माझ्याकडे पाहिलं. मग मी जिकडे तोंड करून उभा होतो तिकडे, मावशींकडे पाहिलं. मग त्यांच्या डाव्या मांडीवरच्या लाल गुंड्याकडे. आणि मग दूर, समोरच्या संघाच्या बाकाकडे. त्यांचा कोच मान वळवून प्रेक्षकांत बघत होता, त्याच गुंड्याकडे.

तेव्हा मला कळलं. सगळं एकदम. जन्मभर तोंड बाहेर ठेवून उभं राहायची सवय. पण दार असताना गुपित माझ्या पाठीमागे असे, आणि फळा झाल्यावर ते माझ्या तोंडावरच आलं होतं. तीन रविवार मी सगळ्या जगावर संशय घेत होतो आणि फितूर मीच होतो. मला तोंड असून बोलता येत नाही, नाहीतर त्या क्षणी मी ओरडलो असतो.

भिंगरीही ओरडली नाही. सांगून आता कोण ऐकणार होतं? ती मुकाट्याने बाटली घेऊन जागेवर गेली.

दुसरा टाइम-आउट झाला. सरांनी उजवीकडून वार करायचा ठरवला, बाण काढले, मुली गेल्या आणि मला टेकवलं. भिंगरी पाणी पिण्याच्या निमित्ताने खुर्चीमागे माझ्यासमोर येऊन, मावशींकडे पाठ करून उकिडवी बसली. तिने मनगटाच्या पट्टीने बाण पुसले आणि दोरीचा मार्कर धरून सगळे बाण डावीकडे काढले. तोच हात. ताटली सरकली होती तो. मी डोळ्यांत तेल घालून मावशींकडे बघत राहिलो.

मावशींनी चष्मा सारखा केला. गुंडा डाव्या मांडीवर.

"डावीकडे सरका! डावीकडे!" त्यांचा कोच ओरडला. सगळ्या डावीकडे गेल्या. उजवीकडे बारा नंबर एकटी उभी होती. तिने चेंडू टाकला आणि आपल्यालाच खरं वाटेना म्हणून मागे वळून पाहिलं.

मध्यांतराला तिने आपले बाण पुसून टाकले आणि नंतर पुन्हा एकदा तसंच झालं. सर गोंधळले. या वेळी तिने पुसायच्या आत त्यांनी मला उचललं आणि बघतात तर बाण सगळे उलटे.

"हे कुणी केलं?"

"मी." भिंगरी उभी राहिली. तिची बोटं निळी झाली होती. "मामा, मागे बघ."

मैदानावर 'मामा'! मुलींनी श्वास रोखले. पण सरांनी फेऱ्या सांगितल्या नाहीत. सामन्यात कधीही मागे न बघणारे सर मागे वळले. त्यांनी मावशी पाहिल्या, गुंडा पाहिला, माझं तोंड पाहिलं. नकाशे काढणारा माणूस तो. कुठून कुठे रेषा जाते हे त्यांना सांगावं लागलं नाही. 

पंचांची शिट्टी वाजली. "सात नंबर," सर म्हणाले, "आत जा."

भिंगरी हलली नाही. "आधी सांगा. माझं काय चुकलं?"

अकरा मुली बघत होत्या. वेळ मोजणाऱ्या टेबलावरचे लोक बघत होते.

"तुझं काही चुकलं नाही," सर म्हणाले. "माझं चुकलं. सगळ्यांच्या देखत बोललो, म्हणून सगळ्यांच्या देखत सांगतो. माझं चुकलं."

ती मैदानात गेली. सरांनी मला उचललं आणि ओल्या शाईसकट आपल्या धुतलेल्या बदामी पँटवर पालथा दाबून धरला. तिसऱ्या रांगेत मामी बसल्या होत्या. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

तो सामना आम्ही जिंकलो. बाहेर पडताना त्यांच्या कोचने हाक मारली, "वहिनी, चला आता, गाडी आली." मावशींनी विणकाम पिशवीत भरलं. जाताना त्या भिंगरीपाशी थांबल्या. "मी काही चोरलं नाही हं, मुली. समोर ठेवलं होतं, ते वाचलं."

घरी जाताना मी भिंगरीच्या मांडीवर होतो. मामी पुढे. मग सरांनी विचारलं, "त्यांच्या कोचशी काय बोलत होतीस त्या दिवशी?"

"विचारलंस एकदाचं," भिंगरी म्हणाली. "पुढच्या वर्षी आमच्याकडे ये म्हणाले. मी म्हटलं, मामा आहे तोवर नाही. तुला सांगितलं असतं तर तू उगाच चिडला असतास, म्हणून पाण्याचं सांगितलं. आणि तू शुक्रवारी त्यांच्याशी काय बोलतोस?"

"बुद्धिबळात? काही नाही गं. मी इतका हरतो की तोंडातून शब्द फुटत नाही."

मामी खिडकीबाहेर बघत हसल्या. मलाही वाटलं, मिटलं. पण भिंगरी हसली नाही.

"मामा, तू मला ते एकटीला सांगितलंस ना, फक्त तुझ्यासाठी म्हणून. मला किती आनंद झाला होता, माहितीय? वाटलं, तुझा अजून माझ्यावर विश्वास आहे."

सरांनी गाडी कडेला घेतली. "मला माफ कर, भिंगरे," म्हणाले. मामांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"करीन," ती म्हणाली. "पण आज नाही."

तिचा तळवा माझ्या पोक आलेल्या अर्धवर्तुळावर होता. तो थंड होता.

तो आठवडा फार लांब गेला. ती सरावाला यायची, सांगितलेलं करायची, 'हो सर' म्हणायची आणि जिन्याने एकटीच वर जायची. पाचव्या रविवारी, शेवटच्या टाइम-आउटला, आम्ही एका गुणाने मागे होतो. बारा डोकी माझ्यावर झुकली. सरांनी मार्कर हातात घेतला, क्षणभर थांबले आणि दोरीसकट तो भिंगरीपुढे धरला. "तू काढ. तुला जे दिसतंय ते."

तिने काढलं. सगळ्याजणी त्याप्रमाणे धावल्या. चेंडू कड्यावर दोनदा उडाला आणि बाहेर पडला. समोरच्यांनी तो पळवून आणखी एक बास्केट केलं, आम्ही तीन गुणांनी हरलो आणि ढाल समोर गेली. या वेळी मात्र कुणी कुणाकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं नाही. साधं सरळ हरलो होतो.

हॉल रिकामा झाला. सर मला मांडीवर पालथा घेऊन बसले होते. भिंगरी येऊन शेजारच्या खुर्चीत बसली. बुटांच्या नाड्या सोडता सोडता म्हणाली, "मामा, घरी बिस्किटं आहेत का?"

सरांनी चमकून पाहिलं. "आहेत. पण मामी अजून मोजून ठेवते."

"मग आज मागून घेऊ," ती म्हणाली. "सरळ विचारून."

मित्रांनो, त्याला आता बरीच वर्षं झाली. नवीन कोचकडे काचेची पाटी आहे, तिच्यावर बोटाने बाण निघतात. मी कपडे बदलायच्या खोलीत एका खिळ्याला टांगलेला आहे, आणि टांगणाऱ्याने माझं तोंड भिंतीकडे केलं आहे. एका अर्थी बरंच आहे. येणाऱ्या मुलींचं बोलणं कानावर येतं. कोण कुणाबद्दल काय कुजबुजतं, कुणाला कुणाचा संशय येतो, सगळं ऐकू येतं. मी आता यादी करत नाही.

तुमच्याकडे माझ्यासारखं एखादं जुनं सामान असेल तर त्याला पुसून, जपून ठेवा. ते ठेवताना त्याचं तोंड कुणीकडे आहे हेही एकदा बघा. आणि आपल्याच माणसाबद्दल मनात काही आलं, तर त्याला पकडायला बाण काढू नका. त्याच्या शेजारी बसा आणि विचारा. सर माझ्यावर मैदानातली कुठलीही वाट काढून दाखवू शकत होते. शेजारच्या खुर्चीपर्यंतची वाट मात्र त्यांना सापडायला पाच रविवार लागले.